बागेंतील तळें आणि उल्हासची जलपर्णी

बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या टापूंत घराभोंवतीं थोडीबहुत जमीन राखणाऱ्या मंडळींस बागेंत लहानसें तळें करून त्यांत मासे व पाणवनस्पती ठेवण्याची हौस असते. ही हौस चांगली आहे, हें आम्ही प्रथमच सांगून टाकतों. माशांच्या मळाचें पाण्यांतील जंतू खतांत रूपांतर करतात. तें पाणी भाजीच्या वाफ्यांस व नारळीच्या आळ्यांस उपयोगीं पडतें. परंतु त्या तळ्यांत काय लावावें व काय सोडावें, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या आवडीचा नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अशा तळ्यांत पुष्कळदां पहिला मान मिळतो तो जलपर्णीस. तिला माती लागत नाहीं, कुंडी लागत नाहीं; पाण्यावर सोडून दिली कीं काम झालें, आणि वर फिकट जांभळे तुरे येतात ते निराळेच. दक्षिण अमेरिकेंतील अॅमेझॉनच्या खोऱ्यांतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्यें आली, तीही फुलांच्या शोभेकरितांच. पुढें तिनें तेथील नद्या, पाणथळी व भातखाचरें इतकीं व्यापलीं कीं, तिच्या निर्मूलनासाठीं १९३६ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. एका शोभेच्या झाडानें एवढा पराक्रम क्वचितच केला असेल.

आपल्या उल्हास नदीवर उन्हाळ्यांत हिरवा गालिचा पसरतो, तो याच वनस्पतीचा. त्याखालीं पाण्यास ऊन मिळत नाहीं, प्राणवायु घटतो व मासे गुदमरतात. आणि याच नदीचें पाणी उचलून आपल्या नळांस येतें. यावर कोणी म्हणेल कीं, आमचें तळें कुंपणाच्या आंत आहे, तें नदीस कसें मिळणार? त्यांनीं २७ जुलै २०१९ चा दिवस आठवावा. त्या दिवशीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली आणि सुमारें हजार उतारूंस बाहेर काढावें लागलें. ज्या पाण्यानें आगगाडी अडविली, तें वीतभर उंचीच्या कठड्यास काय जुमानणार? शिवाय तळें साफ करतांना उपसलेली जलपर्णी जवळच्या नाल्यांत टाकण्याची रीत आहेच. तिचा एक तुकडा पुरतो. आणि बीं तर चिखलांत वर्षानुवर्षें जिवंत राहतें.

नदींत ती माजते ती मुख्यतः शुद्ध न केलेल्या सांडपाण्यावर, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. इ. स. १०६० च्या शिवालयालगत वाहणारी वालधुनी आज काय काय वाहून नेते, तें अंबरनाथकरांस सांगावयास नको. तो दोष नगरसंस्थांचा व कारखान्यांचा आहे आणि त्याचा जाब त्यांस विचारलाच पाहिजे. पण खत दुसऱ्यानें घातलें म्हणून बीं आपण टाकावें, असें होत नाहीं. जलपर्णी पाणी शुद्ध करते, हाही एक युक्तिवाद ऐकूं येतो. ती पाण्यांतील खत ओढून घेते हें खरें. पण वेळच्या वेळीं काढली नाहीं तर तेथेंच कुजून सर्व परत करते.

मग लावावें काय? कुमुदिनी आणि कमळ. दहा फूट लांब, आठ फूट रुंद व अडीच फूट खोल तळ्यांत सुमारें साडेपांच हजार लिटर पाणी मावतें. तेवढ्यांत कुमुदिनीच्या दोन-तीन पसरट कुंड्या पुरेत. कुंडींत खाचराची चिकण माती भरावी, ओलें शेण मुळींच घालूं नये, वर बारीक खडी पसरावी. कांठाच्या उथळ पाण्यांत वेखंड लावावा. पानांनीं निम्म्याहून थोडा अधिक पृष्ठभाग झांकला म्हणजे शेवाळ आटोक्यांत राहतें. त्याहून दाटी नको. वनस्पती दिवसा प्राणवायु देतात, परंतु रात्रीं स्वतःच घेतात. पहांटे मासे वर येऊन तोंड उघडझांप करूं लागले, तर दाटी फार झाली असें समजावें व थोडी पानें काढावीं. नळाचें पाणी असल्यास एक-दोन दिवस उघडें ठेवून, क्लोरिन उडून गेल्यावर मगच मासे सोडावे.

माशांचीही तीच गोष्ट. १९५२ सालीं भारतांत आणलेला टिलापिया आज किती पाण्यांतून पसरला आहे, हें मासेमारी करणाऱ्यांस ठाऊक आहे. ‘थाई मांगूर’ म्हणून विकला जाणारा आफ्रिकन मासा तर पाळण्यासही बंदी आहे. रोहू-कटला मोठ्या तळ्यांचे. बागेंत त्यांचे हालच. डोक्यावर रुपेरी ठिपका असलेला आपला पिकू मासा पाण्याच्या वरच्या थरांत राहतो व डांसांच्या अळ्या खातो. दोन-अडीच इंचांचे वीस-पंचवीस मासे वरील मापाच्या तळ्यास पुरतात. त्यांस खाणें थोडेंच घालावें. पोट भरलेला मासा अळ्यांकडे पाहत नाहीं.

आपल्या भागांतील रोपवाटिकांनीं जलपर्णी विकणें बंद करावें, अशी मागणी शेतकऱ्यांच्या संस्थांनीं ठरावानें करावी. आणि ज्यांच्या तळ्यांत ती आज आहे, त्यांनीं मृग लागण्यापूर्वीं, फुलावर येण्याच्या आधीं ती मुळांसकट काढून, नाल्यापासून दूर उन्हांत वाळवून खताच्या खड्ड्यांत पुरावी.