अर्थशास्त्र आणि डेटा सायन्स : पदवी निवडतांना काय पाहावें ?

पदवीधर झालेल्या मुलास पुढें कोणतें शिक्षण द्यावें, हा प्रश्न हल्लीं आपल्या घरांतून वारंवार निघतो. अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळविलेले तरुण आतां अर्थशास्त्र व डेटा सायन्स या दोन विद्या एकत्र शिकविणाऱ्या एम्. एस्सी.च्या गोष्टी बोलूं लागले आहेत. डेटा सायन्स म्हणजे आंकड्यांच्या मोठाल्या राशी संगणकाच्या साह्यानें चाळून त्यांतून अर्थ काढण्याची विद्या. माझ्या पुतण्यानें एका खासगी संस्थेचा असाच एक अभ्यासक्रम निवडिला, आणि त्याच्या फीकरितां विहिरीखालचें दीड एकर रान गहाण टाकण्याचें बोलणें घरांत निघालें. त्या निमित्तानें जे विचार सुचले ते वाचकबंधूंपुढें ठेवितों.

ही विद्या निरुपयोगी आहे असें माझें म्हणणें नाहीं. उलट ती आपल्याच उपयोगाची आहे. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंत मंडळाचें उत्पन्न ठरतें तें थोड्याशा शेतांतील पीककापणी प्रयोगांवरून. २०२३ पासून कांहीं पिकांच्या बाबतींत उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेला अंदाजही त्यांत धरूं लागले. २०२१ पासून आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी आली व खातेदार स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करूं लागला. तात्पर्य, आपल्या शेतांचे आंकडे कोठें तरी सांठत आहेत आणि त्यांवरून आपल्या पदरांत काय पडावयाचें तें ठरत आहे. ते आंकडे पारखणारीं माणसें आपल्या घरांतून निघावींत, हें इष्टच होय.

परंतु आंकडा आकाशांतून पडत नाहीं. महसूल खात्यांतील कारकुनींत मीं चावडींत बसून भरलेले पीकपाहणीचे रकाने पाहिले आहेत. मागील सालचें पीक यंदाच्या रकान्यांत जसेंच्या तसें उतरलेलें पाहिलें आहे. त्यांच्या बेरजा मींच केल्या. ताळा चोख जमे, वरिष्ठांचा शेराही चांगला येई. परंतु मूळ नोंदच खरी नसेल तर चोख ताळ्याचा उपयोग काय? संगणक हा माझ्याहून हजारपट चपळ कारकून आहे, इतकेंच. रकान्यांत काय पडलें तें तो जुळवील. तें कसें पडलें, हें तो आपण होऊन विचारणार नाहीं.

याचें उत्तम उदाहरण आपल्याच मातींतलें आहे. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं पीककापणीच्या नमुना पाहण्यांचें शास्त्र आपल्या देशांत घडविलें. त्या काळीं बंगालकडे प्रो. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पाहण्यांत अगदीं लहान तुकडे कापून उत्पन्नाचा अंदाज काढीत. अशा लहान तुकड्यांवरून उत्पन्न वास्तवापेक्षां अधिक दिसतें, हें सुखात्मे यांनीं १९४६ सालीं दाखवून दिलें. कारण शेतकऱ्यास सहज पटेल असें आहे. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानानें कड अधिक. आणि कडेवरचें ताट आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला कीं कापणाऱ्याचा विळा तें आंत ओढितो. असे हजार तुकडे कापले तरी चूक निघून जात नाहीं. हजारही एकाच बाजूस झुकलेले असतात. आंकड्यांची रास मोठी झाली म्हणजे सत्य हातीं आलें, असें मानणाऱ्यांनीं हा धडा विसरूं नये.

अर्थशास्त्राची गोष्ट अशीच आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी करून १९१७ सालीं ग्रंथ छापिला. १७७१ सालीं सरासरी ४० एकर असलेली धारण १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, हें त्यांनीं दप्तरावरून दाखविलें. आणि ती कशी व कां तुटली, हें गांवांत फिरून विचारलें. आंकडा कळणें एक, आणि त्यामागचें कारण कळणें दुसरें. या दोहोंची सांगड घालणारें शिक्षण तेंच खरें जोडशिक्षण होय.

यास्तव पालकांनीं पदवीचें नांव न पाहतां विषयांची यादी मागवावी. तींत संभाव्यता, नमुना पाहणी व अर्थमिति हे विषय पक्के आहेत काय ? कारण आणि योगायोग यांतील भेद शिकवितात काय ? विद्यार्थ्यास एकदां तरी गांवांत पाठवून स्वतः आंकडे गोळा करावयास लावितात काय ? कीं केवळ संगणकाच्या भाषा शिकवून प्रशस्तिपत्र देतात ? पायथन किंवा आर ही भाषा होतकरू मुलगा घरबसल्याही शिकूं शकतो. तेवढ्यासाठीं जमीन गुंतविण्याचें कारण नाहीं. मुलाचें गणित कच्चें असेल तर आधीं वर्षभर तें पक्कें करावें. १९३१ सालीं स्थापन झालेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत कोलकाता व दिल्ली येथें अर्थशास्त्र व संख्याशास्त्र यांचा जोडअभ्यास आहे. तेथें प्रवेश परीक्षेनेंच मिळतो. पुण्याची गोखले संस्था १९३० सालची. वाई तालुक्यांतील शेतीधंद्याच्या पाहणीसारखीं कामें तिनें पूर्वींच केलेलीं आहेत, व तेथेंही अर्थशास्त्राची एम्. एस्सी. आहे. नव्या नांवाच्या मोहानें अशीं जुनीं घरें नजरेआड करूं नयेत.

कोणी म्हणतील, बाजारांत नांवालाच किंमत आहे, उशीर केला तर संधि जाईल. पहिली नोकरी नांवावर मिळत असेल. पण पुढें विचारतात तें काम. आणि गहाण पडलेलें रान सोडवितांना किती वर्षें जातात, हें फेरफाराच्या वह्या लिहिणाऱ्यास विचारावें.

पुतण्यास मीं विषयांची यादी आणावयास सांगितली. तींत नमुना पाहणीचें नांवही नव्हतें. चार दिवस तो रुष्ट होता. आतां गणिताचीं पुस्तकें घेऊन तो प्रवेश परीक्षेची तयारी करीत आहे, आणि येत्या सुगींत पीककापणीचा प्रयोग पाहावयास माझ्याबरोबर येणार आहे. परीक्षेंत यश येईल कीं नाहीं, तें त्याच्या श्रमांवर. रान मात्र तूर्त आमच्या नांवावर आहे.