आधी ओट्यावर पाणी टाकून पाहा, मग पैसे मोजा



चाळ पाडून आमची इमारत झाली आणि घरोघरी कडाप्प्याच्या जागी ग्रॅनाईटचा ओटा आला. मागच्या महिन्यात एक पॉलिशवाला दारोदार फिरला. "ओट्याला सील मारून घ्या, नाही तर दगड पाणी पिऊन खराब होईल," असे सांगून त्याने घरटी पंधराशे रुपये घेतले. आम्हीही दिले. दुसऱ्या दिवशी काळ्या ओट्यावर पांढुरके, चिकट डाग! सौ. म्हणाली, "पैसे देऊन डाग विकत घेतले." दिवसभर दुसऱ्यांचे हिशोब तपासणाऱ्या कारकुनाला ते बोल झोंबले. म्हणून चौकशी केली. जे कळले ते आपल्यापुढे मांडतो.

ग्रॅनाईटला बारीक छिद्रे असतात. सीलर त्यात शिरून बसतो, म्हणजे तेल, हळद, चहा लवकर मुरत नाही. पण सगळे दगड सारखे नसतात. पांढरा, करडा, फिकट दगड बऱ्याचदा जास्त शोषतो. काळा दगड बहुधा घट्ट असतो. त्यात सीलर शिरत नाही, वरच साचून वाळतो. आमच्या ओट्याचे नेमके हेच झाले.

मग ओळखायचे कसे? परीक्षा फुकटची आहे. कोरड्या ओट्यावर दोन-तीन ठिकाणी चमचाभर पाणी टाका. पंधरा मिनिटांनी पुसा. खालचा दगड ओलसर, गडद दिसला तर सीलर हवा. रंग तसाच राहिला तर एक पैसाही खर्च करू नका.

सीलर लावायचाच असेल तर ते घरी होण्यासारखे काम आहे. ओटा साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण दिवस कोरडा राहू द्या. खिडकी उघडा, गॅस बंद ठेवा, कारण काही सीलर पेट घेणारे असतात व त्यांचा वासही उग्र असतो. हातमोजे घाला. आधी एका कोपऱ्यात लावून पाहा. मग स्वच्छ फडक्याने पातळ हात फिरवा. बाटलीवर लिहिलेली मिनिटे झाली की उरलेला सीलर वाळण्याआधी पुसून काढा. सगळी मेख इथेच आहे. न पुसलेला सीलर म्हणजेच ते पांढुरके डाग. ते पडलेच तर तोच सीलर पुन्हा थोडा लावून लगेच कोरड्या फडक्याने घासा. आमचे डाग असेच गेले. नंतर एक दिवस ओट्याला पाणी लावू नका.

हिशोब करू. आठ फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे 16 चौरस फूट. पंधराशे रुपयांत चौरस फुटाला जवळजवळ 94 रुपये पडले. बाटली किती चौरस फुटांना पुरते ते तिच्यावर छापलेले असते. तिची किंमत आणि तुमचा एक तास धरा, मग ठरवा.

मात्र काही कामे कारागिराचीच. सिंकभोवतीचा सांधा उकलला असेल, दगडाला तडा गेला असेल, झिलई उडाली असेल, तर सीलरने काही होत नाही. खालच्या कपाटात पाणी उतरते ते बहुधा त्या सांध्यातून. तिथे जाणता माणूस बोलवा. दर आधी विचारा, काम आपल्यासमोर करून घ्या, आणि मग त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. घामाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको.

शेवटी एक गोष्ट. सीलर लावला म्हणून दगड अभेद्य होत नाही. सांडलेले तेल लगेच पुसा. मोरीचे ॲसिड आणि तारेची घासणी ओट्यापासून दूर ठेवा. कडाप्पा असेल तर लिंबू-चिंचही पडू देऊ नका, त्याने त्याची चमक जाते.

पॉलिशवाला उद्या तुमच्या दारी आला तर त्याला म्हणा, "दादा, पंधरा मिनिटे बसा." चहा द्या, आणि तोवर ओट्यावर चमचाभर पाणी टाकून ठेवा.