मोडलेलं गाव मुलांना घडवू द्या

उजाड झालेल्या शहराचं छोटं मॉडेल करणं हा विध्वंसाचा शौक आहे, असं अनेकांना वाटतं. पडक्या इमारती, गंजलेल्या गाड्या, भिंती फोडून उगवलेली झाडं आणि माणसाचा मागमूस नाही. असलं काही घरातलं पोर तासन्‌तास बसून बनवायला लागलं की आईवडील काळजीत पडतात. ‘हात एवढा चांगला आहे, तर काहीतरी चांगलं कर की,’ असं म्हणतात. मी सोलापूर भागात इमारतींच्या तपासणीचं काम करते आणि उरलेल्या वेळात हीच मॉडेल्स बनवते. दोन्हींच्या अनुभवावरून माझं ठाम मत आहे की पडझड खरी वाटेल अशी दाखवायची, तर इमारत उभी कशी राहते हे आधी कळावं लागतं. ज्या मुलांना ते कळेल, ती आपल्या गावाकडे जास्त जबाबदारीने बघतील. म्हणून हा छंद घरात आणि शाळेत यायला हवा.

पडझडीचं आकर्षण या कलेत पहिल्यापासून आहे. पुढे छायाचित्रणामुळे जगभर नाव झालेल्या लुई दागेरने 1822 मध्ये पॅरिसला ‘डायोरामा’ नावाचं प्रेक्षागृह उघडलं. भल्यामोठ्या पडद्यांवरची चित्रं बदलत्या उजेडात दाखवली जात. तिथल्या गाजलेल्या देखाव्यांपैकी एक होता एडिंबरोच्या होलीरूड चॅपलच्या भग्नावशेषांचा. विसाव्या शतकात प्लास्टिकची किट आली, शिझुओकाच्या तामिया कंपनीने 1:35 हे प्रमाण जगभर रुजवलं आणि अमेरिकेच्या शेप पेन यांनी 1980 च्या आपल्या पुस्तकातून डायोरामाने, म्हणजे देखाव्याच्या छोट्या मॉडेलने, गोष्ट सांगितली पाहिजे हे मनावर बिंबवलं. ‘मॅड मॅक्स’ चित्रपट आले आणि संहारानंतरचं जग बनवणाऱ्यांची एक वेगळी शाखाच तयार झाली. ब्रुकलिनच्या लोरी निक्स आणि कॅथलीन गर्बर या दोघींनी ‘द सिटी’ या मालिकेसाठी निर्मनुष्य झालेलं शहर हाताने बांधलं आणि त्याची छायाचित्रं काढली. झाडं वाढलेलं ग्रंथालय आणि वाळूने भरलेला भुयारी रेल्वेचा डबा पाहिला की कळतं, हे काम तोडफोडीच्या हौसेने होत नाही. त्याला विलक्षण धीर लागतो.

परदेशातल्या या मॉडेलांमध्ये जग बहुधा अणुबॉम्बने किंवा साथीच्या रोगाने संपलेलं असतं. आपल्याकडे शेवटाची कल्पना करायला इतकं लांब जावं लागत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. ती गाडी आली नसती तर, आणि पुढच्या वर्षीही पाऊस झाला नसता तर काय झालं असतं, या एका प्रश्नावर माझं सध्याचं मॉडेल उभं आहे. पाणी संपलं म्हणून माणसं सोडून गेलेलं तालुक्याचं गाव, तीसेक वर्षांनंतर. त्या गावाचा मी एकच कोपरा घेतला आहे, एसटी स्टँडचा. एक फलाट, चौकशीची खिडकी, वेळापत्रकाचा फलक आणि कायमची थांबलेली एक लाल गाडी.

प्रमाण 1:35. त्यात माणूस पाच सेंटिमीटरचा होतो आणि अकरा मीटरची बस एकतीस सेंटिमीटरची. वाळूचा एक मिलिमीटरचा कण इथे साडेतीन सेंटिमीटरचा खडा होतो. त्यामुळे फलाटावरची धूळ म्हणून अंगणातली माती जशीच्या तशी टाकून चालत नाही. काळी माती वाळवून, कुटून, मलमलच्या कापडातून गाळून घ्यावी लागते. या कोरड्या मुलखात भिंतीशी काय उगवेल, याचाही विचार करावा लागतो. मोकळ्या फलाटावर मी वेडी बाभूळ लावली, कारण पडीक जमिनीवर तीच आधी पसरते. तिच्या फांद्यांसाठी वाळलेल्या झेंडूच्या मुळ्या वापरल्या. पिंपळ लावला तो फक्त पाण्याच्या टाकीखाली, भिंतीच्या सांध्यात. ओल शेवटपर्यंत तिथेच राहिली असणार.

रंगकामाला बसलं की पहिला प्रश्न येतो, गंज कुठे लावायचा? तपकिरी रंग सगळीकडे फासला की मॉडेल खोटं दिसतं. एसटीच्या जुन्या लाल गाड्यांची बॉडी ॲल्युमिनियमची असे, पोलादी बॉडी अलीकडे आली. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. रंग गेला की खालून मळकट करडा पत्रा दिसतो आणि कडांना पांढुरकी भुकटी धरते. तांबडा गंज येतो तो चॅसीला, चाकांच्या रिमला, खिडक्यांच्या लोखंडी गजांना आणि बोल्टांना. म्हणून माझ्या गाडीवर गजांच्या टोकांपासून खाली उतरणारे बारीक तपकिरी ओघळ आहेत, पण अख्खा पत्रा गंजलेला नाही.

पत्र्यावरचे टवके काढायची रीत सोपी आहे. प्रायमरवर करड्या-चंदेरी रंगाचा थर द्यायचा. तो वाळला की त्यावर केसांना मारतात तो साधा हेअरस्प्रे मारायचा आणि वर लाल ॲक्रिलिक रंग. मग ओल्या ब्रशने हलकेच घासलं की आतला हेअरस्प्रे विरघळतो आणि लाल रंगाचे पोपडे सुटतात. ते कुठे सोडवायचे, हे ठरवायला मात्र बस आठवावी लागते. दाराच्या दांड्याशी, पायरीच्या काठाला, टपावर चढायच्या मागच्या शिडीपाशी, जिथे जिथे वर्षानुवर्षं लोकांचे हात-पाय लागले तिथे. आपल्याकडे ऊन वर्षाचा बराच काळ दक्षिणेकडून येतं, म्हणून टपाचा आणि दक्षिणेच्या अंगाचा लाल रंग मी विटका, गुलाबीकडे झुकणारा केला. उत्तरेच्या अंगाला, खिडक्यांच्या खाली, मूळ लाल अजून शाबूत आहे. शेवटी तेलरंग पातळ करून सांध्यांमध्ये सोडला, धुळीचा हात दिला आणि मॅट वार्निशने सगळं बसवलं.

फलाटाचा कोपऱ्यातला कॉलम हे माझ्या धंद्यातलं काम. तो प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ओतला आणि आत सळई म्हणून विजेच्या वायरीतली तांब्याची तार घातली. तो कसा फुटेल, याचा क्रम ठरलेला असतो. छतावरच्या पन्हाळीत पालापाचोळा अडकतो, पावसाचं पाणी तुंबतं, स्लॅबमधून झिरपत कॉलमच्या डोक्यात उतरतं आणि आतली सळई गंजते. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतं. तो फुगवटा बाहेरचं काँक्रीट ढकलतो. म्हणून पहिली भेग सळईच्या रेषेत, उभी जाते आणि मग तिथला पोपडा निखळून सळई उघडी पडते. आपल्या मानकाप्रमाणे कॉलमच्या सळईवर साधारण 40 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर हवं. मॉडेलमध्ये ते जेमतेम एक मिलिमीटर होतं. तेवढ्या जाडीचा पोपडा सुरीच्या टोकाने योग्य जागी उचलताना जे समजतं, ते नुसती आकृती पाहून समजत नाही.

माझ्या आग्रहाचं कारण हेच आहे. मोडक्या गावाच्या मॉडेलमध्ये प्रत्येक डागाला कारण द्यावं लागतं. पाणी कुठून आलं, कुठे थांबलं, ऊन कोणत्या बाजूने लागलं, वजन कुणी पेललं, आधी काय सुटलं, नंतर काय पडलं. हे एकदा हाताने केलेला मुलगा उड्डाणपुलाखालून जाताना वर बघतो आणि पाण्याचा ओघळ त्याच्या नजरेतून सुटत नाही. याउलट शिकली-सवरली माणसं भेगांवर रंग मारतात. एका सोसायटीत मी कॉलमच्या उभ्या भेगा दाखवून दुरुस्ती सुचवली होती. पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्याच भेगांवर नवा गिलावा आणि मोतिया रंग होता. त्या सभासदांचा हेतू वाईट नव्हता. भेग आतून येते, हे त्यांना कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. असं घडलं की आपण काही दिवस हळहळतो, चौकशीची मागणी करतो आणि विसरतो. कोसळणं एका क्षणाचं असतं, पण त्याच्या आधी झिजण्याचा फार मोठा काळ गेलेला असतो. तो काळ नजरेला दिसावा, असं शिक्षण आपण मुलांना कुठेही देत नाही. हे मॉडेल तो काळ मुलांच्या हातात आणून देतं.

या छंदाला एक मर्यादा हवी, हेही मी तितक्याच ठामपणे सांगते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत दगड-मातीच्या भिंती आणि वरची जड छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. ते दृश्य मी कधीही मॉडेल म्हणून करणार नाही आणि कुणी करू नये. ज्यांची माणसं गेली ते आजही आपल्यात आहेत. प्रत्यक्ष घडलेल्या आपत्तीला हात घालायचाच असेल तर तो त्या वेळी राबलेल्या माणसांसाठी घालावा. कीव्हच्या आयसीएम कंपनीने चेर्नोबिलवर 1:35 प्रमाणातली किट काढली, त्यांत अग्निशमन दलाचे जवान आणि ढिगारा उपसणारे कामगार आहेत. 1986 च्या त्या स्फोटानंतर जे पुढे गेले, त्यांना त्या किटने मान दिला. दुःखाकडे बघण्याची ही रीत मला योग्य वाटते.

माझ्या स्टँडवर माणसाची एकही आकृती नाही, पण माणसं आहेत. नळाशी घागरींची रांग आहे. एम-सीलच्या, सेंटिमीटरभर उंचीच्या, एकेकीचा रंग वेगळा आणि उन्हाने विटलेला. रिकामी प्लास्टिकची घागर पहिल्याच उन्हाळ्यातल्या वावटळीत उडून जाईल, म्हणून प्रत्येकीत मी एक दगड ठेवला आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या बाया नंबर लावताना हेच करतात. बघायला आलेल्या गावाकडच्या बायकांनी तो दगड लगेच ओळखला आणि मग त्या स्वतःच्या रांगांविषयी बोलायला लागल्या. पाण्याच्या नियोजनावरच्या भाषणाने असं बोलणं सुरू झालेलं मी पाहिलेलं नाही.

आता शाळेविषयी. कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी काही बनवावं अशी अपेक्षा असते आणि प्रत्यक्षात स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रकल्प विकत आणले जातात. पालक पैसे देतात, शिक्षक गुण देतात आणि मूल काहीच शिकत नाही. त्याऐवजी वर्गाला एकच काम द्यावं. आपल्या गावातली एक जागा निवडा, ती पन्नास वर्षं कुणी सांभाळली नाही तर कशी दिसेल ते बनवा आणि प्रत्येक भेगेचं कारण तोंडी सांगा. महागडं किट लागत नाही, एअरब्रश लागत नाही. पुठ्ठा, वर्तमानपत्राचा लगदा, शाडू, विटांचा चुरा, काथ्या, गाळलेली माती, पातळ केलेला फेव्हिकॉल आणि पोस्टर कलर एवढ्यात उत्तम काम होतं. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे आणि त्याची इथे गरजही नाही. स्प्रे आणि थिनर मोठ्यांनी मोकळ्या हवेत, मास्क लावून वापरावेत. गुण द्यायचे ते सफाईला न देता कारणांना द्यावेत.

आपल्या मुलांना हे परकं वाटणार नाही. दिवाळीत दगड-मातीचा किल्ला करायची परंपरा महाराष्ट्राइतकी कुठे आहे? पण तो किल्ला आपण कायम नवाकोरा करतो. रायगडावरचा राजवाडा 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी पेटला आणि आज तिथे जोती उरली आहेत. मुलांनी कधीतरी तीही करून पाहावीत, म्हणजे गडावर गेल्यावर दगडाचा प्रत्येक थर त्यांच्याशी बोलेल आणि त्यावर नाव कोरायला हात धजावणार नाही.

पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. मूल मोडकं घर बनवत असेल तर त्याला अडवू नका. शेजारी बसा आणि विचारा, पाणी कुठून शिरलं? ऊन कोणत्या बाजूने लागलं? जाताना माणसांनी काय नेलं आणि काय ठेवलं? मग मॉडेल पुरं झालं की ती खरी जागा बघायला त्याच्याबरोबर जा. तिथली पन्हाळ तुंबलेली असेल तर त्याच दिवशी साफ करून घ्या.