माशी बायोत, सूत्र मॅथ्समध्ये
दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच खल सुरू होतो: मॅथ्स ठेवायचं की सोडायचं? डॉक्टर व्हायचं तर पीसीबी, इंजिनिअर व्हायचं तर पीसीएम. राज्याची सीईटीही याच दोन गटांत होते. दोन्ही विषय ठेवणारी मुले असतात, पण घरच्यांच्या लेखी ती दोन दगडांवर पाय ठेवलेली. ही वाटणी सोयीची आहे, यात वाद नाही. मात्र तिच्या आडून एक समजूत पक्की होते, की ज्याला गणित नको त्याने जीवशास्त्र घ्यावे. ही समजूत किती पोकळ आहे हे पाहायला एक अगदी छोटा प्रश्न पुरतो. प्रथिनाचा धागा पेशीपटलाला आवळून तोडतो कसा?

या प्रश्नाचा माग एका माशीपासून लागतो. १९७३ साली कॅनडात व्हँकुव्हरला डेव्हिड सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीचा एक चमत्कारिक वाण नोंदवला. एरवी माशी धडधाकट. बाटली २९ अंशांच्या आसपास तापली की थोड्याच वेळात लुळी पडून तळाशी. गार केली की पुन्हा उठून चालू लागते. नाव ठेवले ‘शिबिरे’, जपानीत बधिर होणे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही ओबेद सिद्दिकींपासून के. एस. कृष्णन यांच्यापर्यंत अशा माश्यांवर काम झाले. १९८३ मध्ये लुळ्या माशीची चेतापेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेली, तेव्हा संदेशवाहक रसायनाच्या पिशव्या जवळपास संपलेल्या दिसल्या. नव्या पिशव्या पटलातून आत वळल्या होत्या, पण देठाशी लटकून राहिल्या होत्या आणि त्या देठाभोवती कॉलरसारखी गडद कडी होती. पिशवी झाली, देठ तुटला नाही. बिघाड डायनामिन या प्रथिनाच्या जनुकात आहे हे कळायला १९९१ उजाडले. डायनामिनचे रेणू एकमेकांना जोडून देठाभोवती स्प्रिंगसारखा वेढा घालतात.

योगायोग असा, की त्याच १९७३ साली बर्लिनमध्ये वोल्फगांग हेल्फरिख या भौतिकशास्त्रज्ञाने मेदाचे पातळ पटल वाकवायला किती ऊर्जा लागते याचे सूत्र मांडले. हा गृहस्थ द्रवस्फटिकांमधला. एलसीडी पडद्यामागच्या शोधातला एक भागीदार. सूत्रातून निघणारी एक गोष्ट बारावीच्या मुलालाही कागदावर काढता येते. सपाट पटलाची गोल पिशवी करायला लागणारी ऊर्जा म्हणजे पटलाचा कडकपणा गुणिले ८π. त्रिज्या उत्तरात उरतच नाही. लहान पिशवीचा वाक तीव्र, पण क्षेत्रफळ थोडे, म्हणून दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उष्णतेने रेणूंना सतत बसणाऱ्या धक्क्यांची ऊर्जा एकक धरली, तर पटलाचा कडकपणा साधारण २० आणि पिशवीचा खर्च ५०० च्या घरात. देठाचा हिशेब निराळा. तो नळीसारखा असल्याने जाडी निम्मी केली की दर लांबीमागचा खर्च दुप्पट होतो. पेशीचे इंधन असलेल्या जीटीपीच्या एका रेणूतून मिळतात जेमतेम २०-२५ एकके. एकट्यादुकट्या रेणूचे हे काम नव्हे, धागाच लागणार, हे माशीकडे न बघताही कळते.

यावर जीवशास्त्रज्ञ रास्तपणे म्हणेल, की कडी शोधली ती सूक्ष्मदर्शकाने, जनुक शोधले ते माशीने. सूत्राने काय शोधले? ‘कोण’ या प्रश्नापुरते हे खरे आहे. ‘कसे’ या प्रश्नाला मात्र, बटव्याची नाडी आवळावी तसा वेढा देठ आवळतो, एवढे चित्र पुरले नाही. २००६ मध्ये ऑरेलियाँ रू आणि सहकाऱ्यांनी डायनामिनने वेढलेल्या पटलाच्या नळीवर सूक्ष्म मणी चिकटवले आणि जीटीपी घातले. मणी गरागरा फिरू लागले! म्हणजे वेढा नुसता आवळत नव्हता, ओले कापड पिळावे तसा पीळ देत होता. त्याहून मोलाची गोष्ट पुढची: नळी दोन्हीकडे ताणलेली असली तर तुटे, मोकळी असली तर नुसती गुंडाळली जाई. दोन वर्षांनी आलेल्या प्रयोगांनी आणखी एक वळण दिले. आवळण्याइतकेच वेढ्याचे सैल होणेही तुटण्यासाठी महत्त्वाचे असल्याचे त्यांतून दिसले. ताण, पीळ, सैल होणे हे शब्द कुठल्या गटाचे, पीसीबीचे की पीसीएमचे? पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांच्या गटाने काचेवर पटलाच्या बारीक नळ्या अंथरून डायनामिन त्यांना कापताना प्रत्यक्ष पाहण्याची सोय केली. नळीची जाडी मोजणे हा त्या कामाचा गाभाच आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. नीट देणाऱ्या मुलाच्या डोक्यावर आधीच डोंगर, आणि डॉक्टरला पटलाच्या वाकाशी काय देणेघेणे? बहुतेकांना नाही, हे कबूल. तरी स्नायू दुबळे करणाऱ्या एका आनुवंशिक आजारात डायनामिनच्या एका प्रकारातच बदल आढळतात; त्यांतल्या अनेक बदलांनी वेढा गरजेपेक्षा टिकाऊ होतो, सुटायला हवा तेव्हा सुटत नाही. शिवाय मॅथ्स सर्वांना सक्तीचे करा, असे माझे म्हणणेच नाही. आहे त्या अभ्यासक्रमातच जागा आहे. बारावीच्या फिजिक्समध्ये पृष्ठताण आहे, आणि ते पीसीबीवाल्यांनाही चुकत नाही. साबणाच्या फुग्यातल्या जादा दाबाचे सूत्र मुलगा तिथे सिद्ध करतो, त्रिज्या लहान तर दाब जास्त हेही लिहितो. पुढच्या तासाला बायोच्या वहीत तो पेशीपटलाची आकृती काढतो, नावे देतो, पेन्सिलने रेघा ओढतो. दोन्ही वह्या एकाच दप्तरात असतात.