हक्क हवा, दया नको

पहाडगंजच्या बाजूने नवी दिल्ली स्टेशनात शिरणाऱ्यास फलाटावर वाढणारी मुले दिसतात. गरिबांच्या मुलांचे ‘पालकत्व’ परदेशी चर्चचे सद्‌भावी लोक मासिक वर्गणीने घेतात. आफ्रिकेतही तीच रीत. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे. २०१६ साली केंद्र सरकारने ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’च्या परदेशी निधीवर पूर्वपरवानगीची अट लादली. मार्च २०१७ मध्ये संस्थेने येथील काम बंद केले. सुमारे १ लाख ४५ हजार मुलांचा आधार तुटला. दात्याला हुसकावणाऱ्या सरकारने पर्याय कोणता दिला? कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविलेला, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणखर्च आजही दूरच आहे. दान थांबते, हक्क थांबता कामा नये. तो सरकारी तिजोरीतून संघटित लढ्यानेच वसूल करावा लागेल!