विश्लेषण : उलट बोलणाऱ्या मुलांना किती धाकात ठेवावे?

‘अभ्यासाला बस’ म्हटले की ‘मला कळतं’ असे उत्तर. मोबाइल ठेवायला सांगितला की आदळआपट. पाहुण्यांसमोर आजीला तोडून बोलणे. मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की ‘ते हाताबाहेर चालले आहे’ ही तक्रार बहुतेक घरांत ऐकू येते. त्यावर दोन सल्ले तयार असतात. ‘आमच्या वेळी एक ठेवून दिली असती’ हा पहिला आणि ‘वयच तसं आहे, सोडून द्या’ हा दुसरा. गेल्या सहा दशकांतील संशोधन मात्र या दोन्ही सल्ल्यांच्या बाजूने नाही.

चर्चा आता का?

विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, पालकांसाठी जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असे त्यात म्हटले आहे. त्याआधीच, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली आहे. म्हणजे शाळा आणि शिकवणी यांना नियम आहेत. घरात काय चालते, हा प्रश्न मात्र ‘ज्याचा त्याचा’ मानला जातो.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलणे झाले होते. त्यातील ६९ टक्के मुलांनी मारहाण सोसल्याचे सांगितले. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आई-वडीलच होते. मुलाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे कलम २७ काही मर्यादांत संरक्षण देते, पण ते बारा वर्षांखालील मुलांपुरतेच. बालन्याय कायद्याचे कलम ७५ तर ताब्यातील मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला शिक्षा सांगते. तरीही मुळात हा कायद्यापेक्षा आरोग्याचा आणि मानसशास्त्राचा प्रश्न आहे.

या वयात मेंदूत काय घडते?

वयात येताना मेंदूतील भावना आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी संबंधित भाग फार संवेदनशील होतात. आवर घालणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूची वर्षानुवर्षे छायाचित्रे घेतली. पौगंडावस्थेतही मेंदूची मोठी पुनर्रचना सुरू असते, हे त्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात गाडी चालवण्याचा खेळ एकट्याने खेळताना आणि मित्र शेजारी असताना कसा खेळला जातो, हे पाहिले गेले. मित्रांच्या उपस्थितीत किशोरांनी घेतलेला धोका लक्षणीय वाढला, प्रौढांचा फारसा वाढला नाही. त्यामुळे मित्रांसमोर रागावलेला मुलगा जास्त उसळतो, यात नवल नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांचा २०२२ चा अभ्यास पालकांना थोडा टोचणारा आहे. लहान मुलांच्या मेंदूत आईच्या आवाजाला विशेष प्रतिसाद मिळतो. साधारण तेराव्या वर्षापासून अनोळखी आवाजांना मिळणारा प्रतिसाद त्याहून वाढू लागतो. आईचे ‘ऐकू न येणे’ हा प्रत्येक वेळी उर्मटपणा नसतो. घराबाहेरच्या जगात वावरण्याची ती तयारी असते.

झोपेचा मुद्दाही दुर्लक्षित राहतो. या वयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते, रात्री झोप उशिरा लागते आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला. पण ज्यांचे घड्याळ खरोखर पुढे सरकलेले असते, ती आठवी-नववीची मुले त्यात नाहीत. सकाळी सहाला उठून शाळा आणि संध्याकाळी शिकवणी करणाऱ्या मुलाची चिडचिड केवळ संस्कारांच्या खात्यावर मांडणे योग्य नाही.

अर्थात, मेंदू हे स्पष्टीकरण झाले, सवलत नव्हे. घरी तोडून बोलणारी मुलगी मैत्रिणीच्या आईशी अदबीने बोलते. म्हणजे स्वतःला आवरण्याची क्षमता तिच्यात आहे, फक्त ती अजून पक्की झालेली नाही. ती पक्की करणे हेच शिस्तीचे काम असते.

ओरडण्याने, मारण्याने काय साधते?

त्या क्षणी शांतता मिळते, म्हणूनच हा उपाय ‘लागू पडला’ असे वाटते. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्रू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पन्नास वर्षांतील अभ्यास एकत्र तपासले. त्यांत एक लाख ६० हजारांहून अधिक मुलांची माहिती होती. चापट मारण्यासारख्या शिक्षेचा संबंध आक्रमकता, समाजविघातक वर्तन आणि मानसिक त्रासाशी दिसला. आज्ञाधारकपणा वाढल्याचे मात्र दिसले नाही.

‘आम्ही हात उचलत नाही, फक्त बोलतो’ असे म्हणणाऱ्यांसाठी मिंग-ते वांग आणि सारा केनी यांचा २०१४ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यांनी ९७६ अमेरिकी कुटुंबांचा मागोवा घेतला. तेराव्या वर्षी ज्या मुलांना आरडाओरडा, शिव्या, ‘बिनडोक’, ‘आळशी’ अशी दूषणे अधिक ऐकावी लागली, त्यांच्यात पुढच्या वर्षभरात बेशिस्त वर्तन आणि नैराश्याची लक्षणे अधिक वाढली. एरवी पालक प्रेमळ असले तरी हा परिणाम कमी झाला नाही. ‘मनात काही नसतं हो, फक्त तोंडाने बोलतो’ हा बचाव त्यामुळे टिकत नाही. याच अभ्यासात उलट दिशाही दिसली. मुलांचे वर्तन बिघडले की पालकांचे ओरडणेही वाढले.

हे दुष्टचक्र ओरेगॉनमधील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत निरीक्षणे करून उलगडले होते. आई सांगते, मुलगा वसकन अंगावर येतो, आई आवाज चढवते, तो दार आपटतो आणि कंटाळून आई विषय सोडते. मुलगा शिकतो की पुरेसे ओरडले की सुटका होते. दुसऱ्या दिवशी वडील त्याच्या दुप्पट आवाजात ओरडतात आणि मुलगा गप्प होतो. वडीलही तेच शिकतात. दोघांनाही प्रत्येक वेळी आधीपेक्षा वरची पट्टी लावावी लागते.

हे सगळे पाश्चात्त्य देशांत खरे, आपल्याकडे धाक हे प्रेमाचेच रूप मानले जाते, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. जेनिफर लॅन्सफर्ड यांच्या चमूने २००५ मध्ये भारतासह सहा देशांतील आया आणि मुलांचा अभ्यास केला. जिथे मारणे सर्वसामान्य समजले जाते, तिथे त्याचा मुलांच्या आक्रमकतेशी आणि चिंतेशी असलेला संबंध काहीसा सौम्य दिसला. पण तो नाहीसा झाला नाही. असे अभ्यास मुख्यतः परस्परसंबंध दाखवतात. मुलांना मारून पाहण्याचा प्रयोग कोणी करू शकत नाही. तरीही एवढ्या देशांत आणि एवढ्या वर्षांत निष्कर्षांची दिशा एकच राहावी, याला वजन आहे.

मग मोकळीक हाच उपाय?

तसेही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या तीन तऱ्हा सांगितल्या. हुकूम सोडणारे, सगळे चालवून घेणारे, आणि नियम ठाम ठेवूनही कारण सांगणारे व मुलांचे ऐकणारे. एलेनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी १९८३ मध्ये त्यात चौथी तऱ्हा जोडली, ती म्हणजे लक्षच न देणारे पालक. अभ्यास, आत्मविश्वास, व्यसनांपासून दूर राहणे अशा बहुतेक कसोट्यांवर तिसऱ्या तऱ्हेच्या घरांतील मुले सरस ठरत आली आहेत. सगळे चालवून घेणाऱ्या घरांत मुले आनंदी दिसतात, पण स्वतःला आवरायला कमी शिकतात. म्हणजे प्रश्न केवळ ‘किती कडक’ हा नाही. कडकपणा कशाबाबत आणि कोणत्या मार्गाने, हा आहे.

ब्रायन बार्बर यांनी केलेला भेद इथे उपयोगी पडतो. मूल कुठे जाते, किती वाजता परतते, किती वेळ फोनवर असते, यावर मर्यादा घालणे म्हणजे वर्तनावरचे नियंत्रण. ते बहुधा हितकारक ठरते. अपराधी वाटायला लावणे, प्रेम आखडते घेणे, लाज काढणे हे मनावरचे नियंत्रण. त्याचा संबंध चिंता आणि नैराश्याशी दिसतो. ‘आमच्या खस्तांची हीच किंमत का?’ असे ऐकवणे, शेजारच्या मुलाशी तुलना करणे आणि दोन-दोन दिवसांचा अबोला धरणे, हे मराठी घरांतले त्याचे ओळखीचे नमुने. हात न उचलताही शिक्षा कठोर होऊ शकते, ती अशी.

कशात ठाम, कशात सैल?

रॉचेस्टर विद्यापीठाच्या ज्युडिथ स्मेटाना यांनी आई-वडील आणि किशोरवयीन मुले नेमकी कशावरून भांडतात, याचा अनेक वर्षे अभ्यास केला. दुसऱ्याला इजा न करणे, खोटे न बोलणे हे नीतीचे विषय. हेल्मेट, दारू, रात्रीचा प्रवास हे सुरक्षिततेचे. या दोन्हींत पालकांना सांगण्याचा अधिकार आहे, हे मुलेही बहुधा मान्य करतात. ठिणगी पडते ती केस, कपडे, गाणी, मित्र, खोलीतला पसारा यांवरून. पालकांच्या लेखी तो रीतीचा प्रश्न असतो, मुलाच्या लेखी ती त्याची खासगी बाब असते.

आदराच्या बाबतीतही हेच होते. दोन पिढ्यांपूर्वी वडिलांना ‘अहो’ म्हटले जाई, आज कित्येक घरांत ‘अरे बाबा’ रुळले आहे. आजोबांना ते खटकते, पण त्यात अपमान नाही, रीत बदलली आहे. ‘मला हे पटत नाही’ हे मत आहे आणि ते ऐकून घ्यायला हवे. ‘तुला काय अक्कल आहे?’ हा अपमान आहे आणि तो चालवून घेण्याचे कारण नाही. दोन्हींना ‘उलट बोलणे’ हा एकच शिक्का मारला की मूल यातून चुकीचे शिकते : मत मांडणे आणि अपमान करणे सारखेच, आणि दोन्ही मोठ्यांसमोर नको.

त्याची किंमत मोठी असते. स्वीडनमधील होकान स्टॅटिन आणि मार्गरेट केर यांनी २००० मध्ये दाखवले की, पालकांना मुलांबद्दल जे माहीत असते ते पाळत ठेवून कमी आणि मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे जास्त कळलेले असते. इंटरनेटवर कोणी छायाचित्रांवरून धमकावत असेल, शिकवणीत कोणी त्रास देत असेल, मित्र व्यसनाला लागला असेल, तर ते घरी कळण्याचा मुख्य रस्ता मुलाच्या तोंडूनच जातो. धाकाने तो बंद झाला, तर संकटाची बातमी घराला सर्वांत शेवटी कळते.

प्रत्यक्षात काय करावे?

नियम थोडे असावेत आणि प्रसंग घडण्याआधी सांगितलेले असावेत. त्यांची कारणेही सांगावीत. मोडल्यास परिणाम छोटा, लगेचचा, चुकीशी संबंधित आणि हमखास असावा. ‘महिनाभर फोन बंद’ ही घोषणा चौथ्या दिवशी गुंडाळावी लागते, ‘आजची संध्याकाळ फोन नाही’ ही पाळता येते. राग चढलेला असताना निवाडा करू नये. ‘या भाषेत बोलणार असशील तर अर्ध्या तासाने बोलू’ असे सांगून थांबावे आणि अर्ध्या तासाने खरोखर बोलावे. मूल नीट शब्दांत नापसंती सांगते तेव्हा त्याची दखल घ्यावी, शक्य असेल तिथे एखादे पाऊल मागेही यावे. ओरडण्याने नव्हे, बोलण्याने काम होते, हे त्याला अनुभवातूनच कळते. पालकांचा तोल गेला तर माफी मागण्याने अधिकार घटत नाही. आणि घरातले मोठे एकमेकांशी, घरकामाला येणाऱ्या मावशींशी, रिक्षावाल्याशी कसे बोलतात, हे मूल रोज ऐकत असते.

सोळाव्या वर्षी मुलाशी मित्रासारखे वागावे, हे जुने सुभाषित अनेकांना पाठ असते. त्यातच आधीची दहा वर्षे ताडनाची सांगितली आहेत. पण दहा वर्षे धाकात वाढलेले मूल सोळाव्या वाढदिवशी अचानक मित्र होत नाही. दहाव्या वर्षी कपडे, बाराव्या वर्षी अभ्यासाची वेळ, चौदाव्या वर्षी खर्चाचे पैसे असे निर्णय टप्प्याटप्प्याने सोपवत गेले, तर सोळाव्या वर्षीची मैत्री शक्य होते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

किशोरवयातील नैराश्य नेहमी उदासीच्या रूपात दिसत नाही, अनेकदा ते चिडचिडीच्या रूपात येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ सततचा चिडचिडेपणा, मित्रांपासून तुटणे, झोप किंवा भूक बदलणे, गुण एकदम घसरणे, स्वतःला इजा करणे, व्यसन, घरात मारहाण किंवा मोडतोड यांपैकी काही दिसले, तर तो शिस्तीचा प्रश्न राहत नाही. मरणाची भाषा ‘नाटक’ समजू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास नि:शुल्क उपलब्ध आहे, मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मुलाला आवरताना आपलाच हात उठेल अशी भीती वाटणारे पालकही टेलि-मानसवर बोलू शकतात.