पहिली ठासणीची बंदूक घेताना



सोयाबीन-तुरीची वावरे भरली की कारंज्याच्या शिवारात रात्री रानडुकरे आणि रोही उतरतात. जागलीला एखादी बंदूक असावी, असा विषय मग घरात निघतो. कुणाला धुऱ्यावर मडके ठेवून निशाण साधायची हौसही असते. पहिली बंदूक म्हणून बहुधा ठासणीचीच पाहिली जाते. ती घेण्याआधी काय पाहावे ते सांगतो.

आधी परवाना. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याला वाशीमला करायचा. अर्जदाराला २१ वर्षे पूर्ण हवीत. निशाणबाजी करायची असेल तर तो हेतू अर्जात लिहावा आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ती चालते का, हे कचेरीत विचारून घ्यावे. आजोबांची बंदूक माळ्यावर निघाली, तर ती वारसाने मिळाली तरी परवाना वारसाने मिळत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी आणि मग आपल्या नावाने अर्ज करावा.

आता निवड. नवशिक्याने एकनळीच घ्यावी. दुनळीत एक बार उडाला की दुसऱ्या नळीचे भान राहत नाही, आणि भरताना एकाच नळीत दोनदा दारू पडण्याचा धोका असतो.

जुनी बंदूक हातात घेतली की ती भरलेली आहे असेच समजावे. नळीचे तोंड माणसांकडे न करता आणि तोंडासमोर स्वतः न येता गज अलगद तळापर्यंत सोडा. नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. मग गज बाहेर काढून, ती खूण तोंडाशी जुळवून नळीला बाहेरून लावा. टोक जेथे टोपी बसते तेथवर पोचले तर नळी रिकामी. चार बोटे अलीकडेच थांबले तर आत जुना बार असू शकतो. अशा वेळी चाप ओढून पाहू नका. बंदूक परवानाधारक कारागिराकडे द्या.

नळीवर कुठे फुगवटा, भेग किंवा खोल गंज असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. रिकाम्या बंदुकीचा घोडा अर्ध्यावर चढवून चाप दाबून पाहावा. घोडा सुटला तर ती बंदूक धोक्याची. दस्ता खांद्याला सहज बसावा. जड बंदुकीने हात थरथरतो आणि निशाण चुकते.

दारू परवानाधारक दुकानातलीच काळी दारू हवी. काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीत चुकूनही घालू नये, नळी फुटते. दारू मापाने घालावी, डब्यातून थेट ओतू नये. छर्रा दारूला नीट टेकेपर्यंत ठासावा, मध्ये पोकळी राहिली तरी नळी फुटू शकते. टोपी अगदी शेवटी लावावी. बार उडाला नाही तर तोंड निशाणाकडेच ठेवून मिनिटभर थांबावे.

निशाणामागे मातीचा उंच बांध हवा. बाराबरोबर ठिणग्या पडतात, म्हणून कपाशीचा ढीग, सोयाबीनची गंजी किंवा वाळलेले गवत जवळ नको. काजळी ओल धरते व नळी गंजते. त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे.

परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली असे नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे पिकात शिरलेल्या डुकरासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि कारंजा-सोहोळ अभयारण्य आपल्या शेजारीच आहे.

वरातीत बार काढणेही २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. बंदूक कुलपात ठेवा, दारू व टोप्या वेगळ्या कुलपात ठेवा आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.